ढोलीतली गाठ

शेजारच्या आंगणात कोणीतरी लाखोळीच्या शेंगा बडवत होतं. काठी पडली की आईचा डावा खांदा किंचित उडायचा.

आधी माझं लक्ष गेलं नाही. रविवार होता. लाखनीहून अकरा किलोमीटर स्कूटी चालवून मी नुकतीच ओसरीत टेकले होते, हातात चहा होता, आणि आई समोर बसून एका हाताने लसूण सोलत होती. उजवा हात झोळीत होता. डिसेंबरात धानाचं चुरणं चाललं असताना खळ्यावर पाय घसरून तिचं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघून पंधरा दिवस झाले होते आणि हाड अजून पुरतं जुळलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले होते, अडुसष्टाव्या वर्षी वेळ लागतोच.

ठोका. खांदा. ठोका. खांदा. काठी थांबली, तसा खांदाही थांबला. पुन्हा सुरू झाली, तसा पुन्हा उडाला.

मी कप खाली ठेवला.

"आई, झोप लागते ना?"

"झोप कायची? तीन दिवसांपासून डोळ्याले डोळा नाही. पण थकवा नाही पोरी! आज पहाटे उठून माजघर सारवलं. एका हातानं."

"सारवलं ते सारवलं," आतून माझी वहिनी चंदा म्हणाली, "काल दिवसभर मले माळ्यावर चढवलं ना ताई. सारे गुंड उतरवले, चिंचेनं घासले, अन् परत चढवले. पितळ चमकून राहिलं, माझी कंबर गेली."

"औषध लागून राहिलं मले," आई म्हणाली. "तूच तं सांगितलं होतं चांगलं आहे म्हणून."

"मी? काय सांगितलं होतं?"

पण विचारता विचारताच मला आठवलं. नऊ दिवसांपूर्वी चंदाने एक फोटो पाठवला होता. सुपात ठेवलेली एक फांदी, जाड चामड्यासारखी पानं, नारिंगी नळ्यांसारखी फुलं. खाली प्रश्न : ताई, हे बांडगूळच ना? विषारी नाही ना? मी दोन तासिकांच्या मध्ये होते. मी लिहिलं : हो, बांडगूळ. डेंड्रोफ्थोई फाल्काटा. विषारी नाही.

ओळख बरोबर होती. मी एकोणीस वर्षं लाखनीच्या एका महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवते, ते झाड मी झोपेतही ओळखेन. पण फांदी कोणत्या झाडावरून आली, हे मी विचारलं नव्हतं.

बांडगुळाला स्वतःची हिरवी पानं असतात, स्वतःचं अन्न ते स्वतः तयार करतं. त्याला हवं असतं ते फक्त पाणी आणि क्षार, आणि ते मिळवायला ते दुसऱ्या झाडाच्या लाकडात आपलं मूळ घुसवतं. अडचण इतकीच की यजमान झाडाच्या पाण्यात जे विरघळलेलं असेल तेही त्या पाण्याबरोबर येतं. मोहावरचं बांडगूळ आणि कुचल्यावरचं बांडगूळ दिसायला एकच. पण कुचल्याच्या बियांत जे विष असतं, ते त्याच्यावरच्या बांडगुळातही उतरतं. त्या विषाने माणसाचे स्नायू आखडतात. त्याच्याही आधी माणूस हुशारल्यासारखा वाटतो, त्याची झोप उडते आणि तो आवाजाला दचकू लागतो.

मी कपातला चमचा उचलला आणि मुद्दाम फरशीवर टाकला.

आई बसल्या जागी अर्धी उठली. लसूण ओसरीभर झाला.

"काहून व! डोकं फिरलं का तुझं?"

बोलताना तिचे दात नीट उघडत नव्हते.

"जबडा दुखतो का?"

"थोडा ताठला आहे. वारं लागलं असंल. असं काय पाहून राहिली माह्याकडे?"

"औषध कोणी दिलं?"

"कोणी म्हणजे? नत्थूभाऊनं. गावात हाडाचं औषध आणखी कोण देते?"

नत्थूकाका म्हणजे शेजारच्या आंगणातली ती काठी. त्यांच्या हाडाच्या औषधाला तीन पिढ्यांची रीत आहे, आणि ती मी लहानपणापासून ऐकत आले आहे. देणारा पहाटे एकटा जातो, वाटेत कोणाशी बोलत नाही, बांडगूळ त्याच्या गाठीसकट तोडून आणतो. पानं वाळवून भुकटी करतो. झाडाचं नाव मात्र हाड जुळेपर्यंत कोणाला सांगत नाही. नाव फुटलं की गुण गेला. हाड जुळलं की गाठ परत त्याच झाडाच्या बुडाशी नेऊन ठेवायची.

"किती घेतेस?"

"रोज सांजेले एक चमचा. आज सातवा दिवस, आजपासून दोन घेणार."

"दोन कोणी सांगितले?"

"सांगाले कोण पाहिजे? महिन्यावर मोह आला. मोह पडून राहीन अन् मी काय ओसरीत बसून पाहत राहू?"

मी पाटावरची भुकटीची पुडी उचलून पर्समध्ये टाकली. आईने माझ्याकडे पाहिलं, हसली, आणि डाव्या हाताने कमरेला खोचलेली दुसरी पुडी थोपटली.

"घेऊन जा ते. ही आहे माह्यापाशी. ही संपली तं नत्थूभाऊ दूर नाही."

"आई, चल, आत्ता दवाखान्यात जाऊ. मला शंका आहे की..."

"हात जुळून राहिला, अंगात हुशारी आली, अन् आता मी दवाखान्यात जाऊ? दोन महिने त्यांनी काय केलं? चुना लावून ठेवला हाताले."

चंदा दाराशी येऊन उभी राहिली होती. "ताई, तुम्हीच तं लिहिलं होतं विषारी नाही म्हणून. मी वाचून दाखवलं यायले. मंग यायनं मले तो मेसेज पुसूच नाही दिला. जो येईल त्याले दाखवाले लावते."

मी परसात जाऊन लाखनीच्या ओळखीच्या डॉक्टरांना फोन लावला. सगळं क्रमाने सांगितलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला : कोणत्या झाडावरचं? माहीत नाही, म्हटलं. पुढचा डोस अजिबात देऊ नका, म्हणाले, शक्य तितक्या लवकर घेऊन या, आणि अंग ताठलं तर एक मिनिटही थांबू नका.

सकाळचे साडेदहा झाले होते. दिवेलागणीला आठ तास.

नत्थूकाका आंगणात लाखोळीच्या ढिगाभोवती फिरत काठी मारत होते. धान निघालं की त्याच ओलीत आमच्याकडे लाखोळी होते, आणि फेब्रुवारीत घरोघरी हाच आवाज असतो. मला पाहून ते थांबले. मागे आमच्या घरात आईचा खांदाही थांबला असेल, एवढंच माझ्या डोक्यात आलं.

"ये बाई. मास्तरीणबाई आज इकडे कशा?"

"काका, आईला दिलेलं बांडगूळ कोणत्या झाडावरचं आहे?"

ते हसले. काठी भिंतीला लावून उभी केली. "तुह्या आजीलेही नाही सांगतलं माह्या बापानं. तिची मांडी मोडली होती. बारा वर्षं चालली मंग ती."

"मला कोणाला सांगायचं नाही. फक्त माहीत करून घ्यायचं आहे. आईला बरं नाही वाटत."

"बरं नाही? काल तं माह्या बायकोले म्हणे, माह्या अंगात विशीतली ताकद आली."

"तेच बरं नाही."

त्यांना ते कळलं नाही, आणि मलाही नीट सांगता आलं नाही. मी म्हटलं, "मोहाचंच आहे ना? तेवढं तरी सांगा. मोहाचं असेल तर मी गप्प बसते."

तेव्हा त्यांचा चेहरा बदलला.

"मोहाचं? मोहाचं कुठी ठेवलं तू? त्रेचाळीस झाडं साफ केली तुह्या पोरापोरींनी. एक पान नाही ठेवलं. मी पुऱ्या आखरात फिरलो, एका मोहावर बांडगूळ नाही. हे आता तूच विचारतं मले, मोहाचंच ना?"

त्यांनी काठी उचलली आणि पुन्हा बडवायला लागले.

जानेवारीतलं महाविद्यालयाचं शिबिर माझंच होतं. गावातल्या बायांनीच सांगितलं होतं की बांडगुळाने मोह वाळून राहिले, फूल कमी पडून राहिलं. ते खरंही होतं. काही झाडांवर निम्म्याहून जास्त फांद्या बांडगुळाच्या झाल्या होत्या. पानगळीत मोह उघडा झाला की तीच हिरवी झुंबरं तेवढी दिसायची. आम्ही शिड्या लावल्या, करवती आणल्या, आठ दिवसांत त्रेचाळीस झाडं साफ केली आणि कापलेल्या फांद्यांचा ढीग जाळला. त्या ढिगात पिवळट, केसाळ अळ्या होत्या. एका मुलीने मला विचारलं, मॅडम, या कशाच्या? हळदीकुंकू फुलपाखराच्या, मी म्हटलं, त्यांचं अन्न हेच. मग? ती म्हणाली. मग काय, असा तो प्रश्न होता. मी घड्याळ पाहिलं आणि पुढच्या झाडाकडे चला म्हटलं. अहवालात मी फक्त त्रेचाळीस हा आकडा लिहिला.

मला घरात बसवेना. मी गावाबाहेर, गुरं जमतात त्या आखराकडे चालत गेले. ओळीने मोह उभे होते, पानं निम्मी गळालेली, आणि प्रत्येकावर करवतीच्या पांढऱ्या खुणा. एका तारेवर फुलटोच्या बसला होता, अंगठ्याएवढा राखी पक्षी. बांडगुळाचं फळ खायचं, चिकट बी शेपटाखालून फांदीवर पुसून टाकायचं, आणि पुढच्या झाडावर जायचं, हेच त्याचं काम. पुढचं झाड कोणतं, याची त्याला पर्वा नसते. बीला खोड मिळालं की पुरे. मोह साफ झाले तेव्हा ते पक्षी कुठे गेले असतील? जिथे फळं उरली होती तिथे. काकाही तिथेच गेले असणार.

मी मनात यादी केली. बांडगूळ शेकडो प्रकारच्या झाडांवर येतं. गावाच्या हद्दीत आंबा होता, करंज होती, बोर होती, जंगलाकडे ऐन होते, बोडीच्या छोट्या तळ्याजवळ एक निर्मळी, तलावाच्या पाळीवर कुचल्याची सहा-सात झाडं. मी निर्मळीपर्यंत गेले. वर बांडगूळ दिसलं, पण ते तोडल्याची ताजी खूण खालून दिसेना. पाळीवर जायला आणखी अर्धा तास लागला असता आणि तिथे सहा-सात झाडांवर चढून पाहायला मी एकटी. बारा वाजून गेले होते. घरी आई एकटीच होती, म्हणजे चंदा होती, पण चंदा तिला थांबवू शकणार नव्हती. मी परत फिरले, थोडं चालले, पुन्हा पाळीकडे वळले, पुन्हा परत फिरले. असं मी कधी करत नाही.

घरी आले तेव्हा आई आडवी झाली होती, पण झोपलेली नव्हती. पायाची बोटं सारखी हलत होती.

चंदाने मला खुणेने स्वयंपाकघरात बोलावलं.

"ताई, गाठ आहे ना."

"कोणती गाठ?"

"बांडगुळाची. झाडाच्या फांदीसकट. नत्थूकाकांनी दिली होती. हाड जुळेपर्यंत धानाच्या ढोलीत ठेवा लागते म्हणे, अख्खी. त्यावरून समजते का तुम्हाले झाड?"

मी तिच्याकडे पाहतच राहिले. दोन तास मी गावभर झाडं शोधत फिरत होते आणि झाडाचा तुकडा घरात होता.

"माझं नाव नका घेजा बरं," चंदा म्हणाली. "मले इथं राहाचं आहे."

ढोली माजघराच्या कोपऱ्यात आहे, माझ्या खांद्याइतकी उंच, बांबूची, शेणामातीने लिंपलेली. मी पाटावर उभी राहून हात धानात घातला. वरवर काही लागलं नाही. कोपरापर्यंत घातला, मग खांद्यापर्यंत. धानाची टोकं दंडाला टोचत होती आणि तोंडावर तूस उडत होता. बोटांना काहीतरी टणक लागलं, निसटलं, पुन्हा लागलं.

गाठ मुठीएवढी होती. बांडगुळाचं मूळ ज्या जागी घुसतं तिथे यजमान झाडाची फांदी अशी फुगते. एका बाजूला बांडगुळाचं तोडलेलं खोड, दुसऱ्या बाजूला यजमानाच्या फांदीचा वीतभर तुकडा. साल करडी, बरीचशी निघालेली. नुसत्या सालीवरून मी शपथ घेतली नसती. पान नाही, कळी नाही.

पण लाकूड होतं.

मी परसात गेले. स्वयंपाकाच्या विळीने फांदीचं टोक सरळ कापून पाहिलं. ते जमेना, म्हणून चंदाने लोखंड कापायची पट्टी आणून दिली. तिने मी चकती काढली, गरम पाण्यात बुडवून ठेवली, आणि दहा मिनिटं परसात येरझाऱ्या घातल्या. दहा मिनिटं पुरी झाली नसतील. मग प्रात्यक्षिकांसाठी पर्समध्ये असलेलं दाढीचं नवं पातं आणि भिंग काढलं, चकतीचा पृष्ठभाग पातळ तासला, आणि भिंग डोळ्याला लावलं.

लाकडात भोकं होती. लाकूडभर, विखुरलेली, वाळवीने खाल्ल्यासारखी.

ती भोकं मी दरवर्षी दाखवते. बहुतेक झाडांत अन्न वाहून नेणाऱ्या पेशी सालीच्या बाजूला असतात. थोड्याच झाडांत त्या लाकडाच्या आत बेटांसारख्या अडकून राहतात, आणि लाकूड वाळलं की त्या जागी अशी छिद्रं दिसतात. दुसऱ्या वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत हा काप ठरलेला असतो, आणि मुलं तो हमखास ओळखतात. स्ट्रिक्नॉस. कुचल्याचं कुळ.

मी भिंग खाली घेतलं आणि लगेच पुन्हा लावलं. कारण त्याच कुळात निर्मळीही आहे. तिच्या लाकडातही हीच भोकं असतात, आणि तिची बी तर लोक माठात घासून गढूळ पाणी निवळायला वापरतात. तिच्यात विष नाही. कापावरून या दोघींत फरक सांगणं मला भिंगाने शक्य नव्हतं.

"काय करून राहिली?"

आई मागच्या दारात उभी होती. तिच्या नजरेसमोर दोन तुकडे झालेली गाठ होती आणि माझ्या हातात पातं.

"आई, ऐक. हे लाकूड..."

"गाठ कापली?"

"मला झाड ओळखायचं होतं."

"गाठ कापली तू?" ती मोठ्याने म्हणाली, आणि शेवटच्या शब्दावर तिचा जबडा अडकला. तिने हाताने हनुवटी धरली. मग हळूहळू पायरीवर बसली.

शेजारची काठी थांबली. कुडावरून नत्थूकाकांचं डोकं दिसलं, आणि थोड्या वेळाने ते स्वतः परसात आले. त्यांनी तुकड्यांकडे पाहिलं, खाली बसले, दोन्ही तुकडे उचलून एकाला एक लावून पाहिले, जणू ते जुळतील.

"अख्खी पाहिजे होती वहिनी," ते आईला म्हणाले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंच नाही. "गाठ फुटली, औषध उतरलं."

आईने कमरेची पुडी काढली. सकाळपासून मला हवी होती ती पुडी तिने स्वतःच्या हाताने नत्थूकाकांपुढे ठेवली. "घ्या भाऊ. आता घेऊन काय फायदा."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. सहा तासांवरचा तो डोस टळला होता, आणि तो मी टाळला नव्हता. मी फक्त गाठ कापली होती.

"काका," मी म्हटलं, "आता तर नाव सांगता येईल?"

ते काही वेळ तुकडा बोटांत फिरवत राहिले.

"आता काय झाकाचं. कुचल्याचं आहे. पाळीवरच्या."

मग तेच पुढे म्हणाले, घाईघाईने, "मले काय समजत नाही का कुचला? मोहाचं असतं तं मोहाचंच दिलं असतं. कुचल्याचं तेज राहते, बुढ्या माणसाले देत नाही आम्ही. पण दुसरं भेटलंच नाही, अन् वहिनी रोज माह्या दारात उभी. म्हणून मी म्हटलं, चिमूटभर. गव्हाच्या दाण्याएवढी चिमूट, दोन दिवसाआड. म्हटलं होतं का नाही, वहिनी?"

"म्हटलं होतं," आई म्हणाली.

"मंग?"

आईने चंदाकडे पाहिलं, मग जमिनीकडे. "तृप्तीनं विषारी नाही म्हणून लिहून पाठवलं होतं. मी म्हटलं, विषारी नाही तं मंग चिमटीनं कायले घ्याचं? चमच्यानं घेतलं तं लवकर जुळंल."

सकाळपासून मी एका झाडाच्या नावामागे फिरत होते. नाव मिळालं, आणि त्याच्या मागे माझाच निरोप निघाला.

"मी चुकले," मी म्हटलं. कुणाला म्हटलं ते मला नीट सांगता येणार नाही. "मी झाड विचारायला हवं होतं. काकांना नाही, तेव्हाच, चंदाला. आणि विषारी नाही असं लिहायला नको होतं."

"मंग आता माह्या जिवाले काही होते का?" आईने विचारलं. पहिल्यांदाच ती घाबरलेली दिसली.

"नाही होऊ देणार. पण आत्ता निघायचं."

या वेळी ती नाही म्हणाली नाही. गावातल्या टेकचंदचा ऑटो दारात आला तेव्हा नत्थूकाका घरातून पांढरी टोपी घालून आले आणि न विचारता पुढे बसले. मी टेकचंदला सांगितलं, हॉर्न वाजवायचा नाही. "हायवेवर ट्रकच ट्रक, हॉर्न नाही वाजवू तं काय करू मॅडम?" तो म्हणाला. मग काकांनीच मान वाकवून बाहेर डोकं काढलं आणि सबंध अकरा किलोमीटर, ओरडायच्या ऐवजी, हात हलवत समोरच्यांना बाजूला करत राहिले. आई माझ्या खांद्यावर डोकं ठेवून होती. प्रत्येक खड्ड्यागणिक तिचं सारं अंग एकदा ताठ होऊन सैल पडायचं, आणि मी ते मोजत होते. सत्तावीस.

दवाखान्यात डॉक्टरांनी तपासलं, एक इंजेक्शन दिलं, कोपऱ्यातल्या खोलीत ठेवायला सांगितलं, पडदे ओढून, कमीत कमी आवाजात. उद्यापर्यंत उतरेल बहुतेक, म्हणाले. वेळेत आणलंत. दोन चमचे गेले असते तर मी हे म्हणू शकलो नसतो.

मग त्यांनी कागद पुढे ओढला. "काय घेतलं, किती दिवस, कोणी दिलं, सांगा."

नत्थूकाका दाराशी हात जोडून उभे होते. टोपी हातात होती.

मी सांगितलं. वनस्पतीचं नाव, यजमान झाडाचं नाव, पानांची वाळलेली भुकटी, सहा दिवस, रोज एक चमचा. "देणाऱ्यांनी चिमूटभर सांगितलं होतं," मी म्हटलं. "प्रमाण वाढलं ते मी विषारी नाही असं कळवल्यामुळे. ते लिहा."

"तेवढं लिहायला जागा नाही इथे," डॉक्टर म्हणाले, पण त्यांनी समासात काहीतरी लिहिलं.

संध्याकाळ झाली. घरी असतो तर दिवा लागला असता आणि चमचा निघाला असता. खोलीत अंधार होता. आई झोपली होती, चार दिवसांनी पहिल्यांदा. मी खुर्चीत बसून तिच्या डाव्या खांद्याकडे पाहत होते. बाहेर व्हरांड्यात कोणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे पडला, फरशीवर घरंगळत गेला आणि बराच वेळ वाजत राहिला. मी ताडकन उभी राहिले. आईचा खांदा हलला नाही.

मी बाहेर आले. काका बाकावर बसले होते.

"झोपली?"

"झोपली."

त्यांनी टोपी गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, "मोहावर परत केव्हा लागंल?"

"बी रुजायला वेळ लागत नाही. पण तोडण्याजोगं व्हायला चार-पाच वर्षं. पाखरू आलं तर."

"येईन. जाते कुठी ते." त्यांनी टोपी झटकली. "मंग तवर काही मी देत नाही कोणाले. पण पुढच्या वेळी पुरं नको काढत जाऊ. दोन-चार झाडावर राहू देत जा."

"किती झाडांवर, ते तुम्ही दाखवा," मी म्हटलं. "खुणा करून ठेवू. आणि कोणाचं हाड मोडलं तर आधी इकडे आणा."

"आणतो," ते म्हणाले. खरंच आणतील की नाही, मला माहीत नाही.

मी फोन उघडला. तो निरोप तसाच होता, नऊ दिवसांपूर्वीचा, शेवटी पूर्णविराम. मी तो पुसला नाही. त्याच्या खाली चंदाला लिहिलं : हे कोणत्या झाडावरचं आहे, हे मी आधी विचारायला हवं होतं. मला माहीत नव्हतं.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. उत्तर यायला वेळ लागला. तोवर मी व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत दोनदा जाऊन आले.

आई घरी आली की वाचून दाखवू का, चंदाने विचारलं होतं. आणि खाली : ओसरीतला लसूण मी गोळा केला.